मागच्या खोलीतली अडगळ

आमच्या सासूबाईंना काही म्हणून टाकवत नाही, हे मी लग्न होऊन पंचवटीतल्या या घरात आले त्याच आठवड्यात ओळखलं. खाली स्वयंपाकघरामागे एक बिनखिडकीची खोली होती आणि ती छतापर्यंत भरलेली. कान तुटलेल्या कढया, बूड गेलेलं पिंप, तेलाचे रिकामे डबे, सासऱ्यांकडे तीर्थविधीला येणाऱ्या यजमानांच्या फाटक्या सतरंज्या. एकदा मी उत्साहानं झाडू घेऊन गेले तर बाई दारात आडव्या. "त्या खोलीला हात लावायचा नाही. वेळेला लागतं सगळं." तीस वर्षांत ती वेळ काही आली नाही. सासरे गेले, तरी खोली तशीच राहिली.

गेल्या वर्षी सासूबाईंचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. झोपायच्या खोल्या सगळ्या वर, म्हणून खाली सोय होईपर्यंत त्या नणंदेकडे इगतपुरीला राहिल्या. रोज फोन. "झाली का गं सोय? मला पावसाच्या आत घरी यायचंय." इगतपुरीचा पाऊस म्हणजे थट्टा नाही, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत आणि ओल हाडांत शिरते. त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. "लेकीच्या दारात मरायचं नाहीये मला," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

तेव्हा मागची खोलीच नीट करायची ठरली. "आईला सांगू नकोस," आमचे हे म्हणाले, "नाहीतर एक डबा हलू द्यायची नाही." मला काय, हेच हवं होतं! भंगारवाल्याची हातगाडी खचाखच भरली तेव्हा मी त्याला खुशीनं चहा पाजला. मग मिस्त्री आला. भिंतींना असा लोणा धरलेला की बोट लावलं तरी गिलावा खाली. सगळा खरवडून काढला, भिंतीत नवी खिडकी काढली, न घसरणाऱ्या फरश्या बसवल्या, आतच कमोड केला. महिनाभर आम्ही वरणभाताबरोबर सिमेंट खाल्लं.

जूनच्या तोंडाशी यांनी त्यांना गाडीतून आणलं. मी मोठ्या ऐटीत दार उघडून दाखवलं. सासूबाई वॉकर धरून उंबऱ्याबाहेर थांबल्या, आत बघितलं आणि चेहरा पांढराफटक. "सामान कुठंय इथलं?"

"भंगारात दिलं," मी म्हटलं.

"मला परत इगतपुरीला सोडा. मी या खोलीत पाऊल टाकणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो आई, फुटक्या डब्यांसाठी? घर सोडून जाल, पण डबे सोडणार नाही?"

त्या हॉलमधल्या दिवाणावर बसल्या आणि सरळ बोलल्या. "पाळीचे चार दिवस मला त्या खोलीत बसवायचे. देवांना विटाळ होतो म्हणून. ताट दारातून सरकवायचं. हा तान्हा होता, तर अंगावर पाजायला उघडा करून द्यायचे माझ्याकडे. कपडे विटाळतात ना! पौषातल्या थंडीत, गं. पिऊन झालं की न्यायचे, आणि हा आरडून घर डोक्यावर घ्यायचा."

यांनी हातातली आईची पिशवी खाली ठेवली. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"तुझं लग्न ठरलं, त्या आठवड्यात घरातलं सगळं फुटकंतुटकं मी आत कोंबलं. पुरेना, तर शेजारणींकडून डबे मागून आणले. तुझे सासरे म्हणाले, सून कुठं बसणार? म्हटलं, जागा कुठंय? झोपेल वर, आपल्या खोलीत."

मी मेली समजत होते, हे घर सुधारलेलं आहे! मला एक दिवस बाजूला बसावं लागलं नव्हतं, आणि त्यासाठी या बाईनं जन्मभर अव्यवस्थित म्हणवून घेतलं होतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि रडले.

"पुरे आता, चहा टाक," त्या म्हणाल्या.

चहा पिता पिता यांनी हळूच विचारलं, "मग काय करू या, आई?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "देव्हारा त्या खोलीत ने. चार दिवस त्यांना बसू दे. मग मी जाईन."

"अगं, काहीतरीच! देव हलवायचे तर मुहूर्त नको?"

"मला बसवताना पाहिला होता कुणी?"

भटजींचा मुलगा मुहूर्त न बघताच उठला. देव निघाले. "अन्नपूर्णेला राहू दे बाहेर, तिनं काय केलंय?" असं सासूबाईंनी बजावलं, बाकीचे सगळे आत. सासूबाई हॉलमध्ये निजायच्या. रोज दुपारी नैवेद्याचं ताट दारातून आत सरकवायचं आणि त्यांनी दिवाणावरून ओरडायचं, "लांबून रे! शिवू नकोस!" पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ताट सरकवताना यांचा हात मध्येच थांबला आणि ते बराच वेळ तिथंच उकिडवे बसून राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "झालं त्यांचं. न्हाऊ घाल आणि घरात घे."

यांनी देवांना न्हाऊ घातलं, पुसलं, जागेवर बसवलं. मग तसेच ओल्या हातांनी हॉलमध्ये आले आणि काही न बोलता आईला उचललं. साठीचा माणूस! "अरे पाडशील मला, मेल्या, पाडशील!" खोलीत पोचेपर्यंत त्या ओरडत होत्या. पण दोन्ही हातांनी लेकाची मान त्यांनी अशी धरली होती की आत खाट आल्यावरही सोडली नाही.