फ्लॉरेन्सच्या बाजारातली वजडी

वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी. एवढं लिहितानासुद्धा माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते चवीचं नव्हे. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दर बाजारादिवशी आष्ट्याहून वजडी आणायचे. फडक्यात बांधलेलं गाठोडं सायकलच्या हँडलला लोंबत यायचं आणि त्यातून हिरवट पाणी ठिबकत राहायचं. आई ते घरात येऊ द्यायची नाही. मग आबा परड्यात तीन दगडांची चूल मांडायचे आणि चुना लावून, कढत पाणी ओतून ती खरवडत बसायचे. आंबलेल्या वैरणीचा आणि शेणाचा वास अख्ख्या आळीत सुटायचा. मी नाकाला रुमाल लावून मळ्यात निघून जायचो, तर मागून आबा हसायचे.

शिजली की ते ती बेकरीच्या पावात भरायचे, वर कोथिंबिरीची चटणी. भाकरी सोडून पाव. हे खूळ त्यांनी दुसऱ्या महायुद्धातून आणलं होतं. त्यांची पलटण इटलीत फ्लॉरेन्स नावाच्या शहराजवळ होती. रसद तुटली आणि गोऱ्यांचे बंद डबे वाट्याला आले. डब्यात गाईचं मांस आहे असं कळल्यावर आबांनी डब्याला हात लावला नाही. उपाशी राहिले. शेवटी शहरातल्या बाजारात एका म्हातारीच्या हातगाडीवर वजडी-पाव मिळाला, त्यावर जीव तगला. गावात या गोष्टीचं फार मोल. बेंदराला बैलांच्या मिरवणुकीत पहिला नारळ आबांच्या हातून फुटायचा, तो याच कारणानं. उपाशी मेला असता पण बाटला नाही, असं लोक पोरांना सांगायचे.

मी तेव्हा सांगलीत पंपाच्या कारखान्यात होतो. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर कारखान्यानं इटलीतून मशिनं घ्यायचं ठरवलं आणि ती चालवायला शिकून यायला मला धाडलं. त्या मशिनांचा कारखाना फ्लॉरेन्सच्याच जवळ निघाला. निघायच्या आधी आबांनी मला उसाला पाणी पाजायच्या निमित्तानं मळ्यात नेलं.

"त्या बाजारात जा," ते म्हणाले. "तसली गाडी आजून आसंल. ती वजडी कशाची आसती, तेवढं इचारून ये."

"बकऱ्याची की. आनि कशाची?"

"आमी बी तसंच धरलं. इचारायचा धीर झाला न्हाई रं." त्यांनी पाटातलं फावडं काढलं नि परत तिथंच ठेवलं. "नारळ फोडताना दरसाल हात कापतो माजा. आता एकदा कळू दे."

कुणाला म्हणून बोलू नकोस, असंही बजावलं.

सुट्टीच्या दिवशी मी त्या बाजारात गेलो. लोक पैसे खर्चून तो बघायला येतात म्हणे. मला तर आत शिरल्या शिरल्या परतावंसं वाटलं. सशांचं कातडं सोललेलं, पण पायांना केस तसेच, आणि डोळे उघडे. डुकराचं मुंडकं हसल्यासारखं ठेवलेलं, वर त्याच्या तोंडात लिंबू. एका टोपलीत जिवंत गोगलगायी बुळबुळत होत्या आणि एक बाई त्या वांगी निवडावीत तशा निवडून घेत होती. चीज नावाचा प्रकार तर विचारू नका. आमच्याकडं नासलेलं दूध उकिरड्यावर ओततात, इथं त्याला बुरशी आणून, मांडणीवर ठेवून लोक वास घेत होते, आणि वास घेऊन वर माना डोलवत होते. कुठून या भानगडीत पडलो, असं म्हणत मी पुढं सरकत होतो.

गाडी सापडली ती वासावरून. तोच वास, आमच्या परड्यातला. गाडीवर एक जाडा माणूस पातेल्यातून करड्या रंगाचा लिबलिबीत गोळा काढत होता. तो त्यानं कापला, पावात भरला, वर हिरवी चटणी घातली. मी विचारायला तोंड उघडतोय, तोवर त्यानं तो पाव माझ्या हातात कोंबला. एकदाचं उरकून टाकू, असं म्हणून मी डोळे मिटून घास घेतला. वजडी म्हटली की ती बकऱ्याचीच, हे आमच्या हाडात मुरलेलं. दुसऱ्या कशाची असेल, असं मनातही येत नाही. आबांचं तसंच झालं असणार.

घास गिळल्यावर मी त्याला खुणेनं विचारलं. भाषा येत नव्हती, म्हणून चक्क बकऱ्यासारखा ओरडलो. रांगेतली माणसं हसली. त्यानं बोट हलवून नाही म्हटलं आणि गाडीच्या फळीवर रंगवलेलं चित्र दाखवलं. गळ्यात घंटा बांधलेली, भरल्या कासेची पांढरी गाय होती ती.

पुढच्या कोपऱ्यावर, नदीच्या कठड्याला धरून मी सगळं ओकलो. आतडी पिळवटून निघाली तरी थांबेना. त्या गावाची किळस आली, माझ्या जिभेची आली. आबांचीही आली, हे लपवण्यात अर्थ नाही.

परत येताना विमानात, मग मुंबईहून सांगलीपर्यंत, मी खोटंच घोकत आलो. बकऱ्याची असते, सगळेच सांगतात. बेंदूर जवळ आला होता. घरी पोचलो तर आबा चहाही होऊ देईनात, सरळ मळ्यात घेऊन गेले. बांधावर बसवलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मग?"

मी घोकलेलं बोलायला गेलो, पण ते काही तोंडातून निघेना. "गाईची," म्हणालो.

उसात कुठंतरी पाणी फुटल्याचा आवाज येत होता, एरवी आबा धावले असते.

"तू खाल्लीस?"

"घास खाल्ला. मग कळलं. ओकून टाकलं सगळं."

"ओकलास?" त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील, नाहीतर रडतील. तसं काही झालं नाही. त्यांनी हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शंका मला तवाच आली हुती, पर न्हाई रं ओकाय आलं," ते म्हणाले. "मी आनि एक पाव मागून घेतला. लय भूक लागली हुती."