दलदल वाचवण्याचा माझा उद्योग

मी आयुष्यात कधी दलदल पाहिलेली नाही. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये एकदा पाइप फुटला होता, तेवढाच काय तो माझा ओल्या जमिनीशी संबंध. तरीही गेल्या वर्षी मी समुद्रापलीकडची, थंड देशातली एक दलदल वाचवायला निघालो होतो.

मी एका बागा सांभाळणाऱ्या कंपनीत खरेदीचं काम बघतो. खत, पाइप, कात्र्या, रोपं असं सगळं माझ्या सहीने येतं. यावरून मला झाडांतलं कळतं असा आमच्या नातेवाइकांचा समज आहे. मला कळतात ते फॉर्म. झेंडू आणि पेटुनियाची रोपं शेजारी शेजारी ठेवली आणि फुलं आलेली नसली, तर मी ट्रेवरची चिठ्ठी वाचतो.

इथे उन्हाळा ओसरला की वसाहतींच्या रस्त्यांकडेला फुलांचे ताटवे लागतात. त्यांची रोपं आम्ही लहान लहान नर्सऱ्यांकडून घेतो. त्यातली एक तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला, रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांची. खाडीकाठचं गाव सोडून त्यांना तीस वर्षं झाली. सगळे त्यांना चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला साहेब म्हणतात. दोन कामगार, हिरव्या जाळीची एक मोठी शेड, मागे एक छोटी शेड, एवढा त्यांचा पसारा. आमची ऑर्डर म्हणजे त्यांचा निम्माअधिक हंगाम. तिच्यावरच कामगारांचे पगार आणि जागेच्या कराराचं नूतनीकरण चालतं, हे त्यांनी मला एकदा सहज बोलता बोलता सांगितलं होतं.

चाचांची रोपं पीटमध्ये वाढायची. पीट म्हणजे थंड देशांतल्या दलदलींत शेवाळ साचून साचून तयार झालेली काळसर, हलकी माती. ती दाबून गठ्ठे करतात आणि ते गठ्ठे जहाजाने इथे येतात. नर्सरीच्या बिलांना जोडलेल्या त्या गठ्ठ्यांच्या पावत्या मी कित्येक वर्षं बघत होतो, पण ते येतात कुठून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तो पडला आमच्या मुलीला. ती इथेच जन्मली, इथेच कॉलेजात आहे, मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. एकदा जेवताना तिने माझ्यासमोर फोन धरला. व्हिडिओत एक यंत्र दलदलीचा पृष्ठभाग खरवडत चाललं होतं, आणि एक बाई सांगत होती की हा वीतभर थर साचायला शेकडो वर्षं लागतात, आणि तो उघडा पडला की त्यात कोंडलेला कार्बन हवेत जातो.

"बाबा, यू बाय धिस स्टफ?" ती म्हणाली.

"मी नाही, कंपनी घेते," मी म्हणालो.

"बट यू साइन."

हे मात्र खरं होतं. मला खरोखरच वाईट वाटलं, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यावरून तसं वाटणार नाही. व्हिडिओ अर्धा झाला होता. पुढे एक म्हातारा काहीतरी बोलायला लागला होता, पण आमटी गार होत होती म्हणून मी फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी रोपांच्या ऑर्डरमध्ये एक नवी अट घातली: यंदापासून पीट चालणार नाही, रोपं कोकोपीटमध्येच वाढवावीत. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. एका ओळीत दलदल वाचली. मॅनेजर बेहद्द खूश झाले, कारण त्यांच्या वार्षिक अहवालात पर्यावरणाचं पान रिकामं होतं. "हबीबी, धिस इज एक्सलंट, तू प्रेझेंटेशन दे," ते म्हणाले. मी इतका हुरळून गेलो की घरी येताना बेसनाचे लाडू घेऊन आलो.

मग ऑगस्टच्या रणरणत्या उन्हात उम्म अल कुवैनला गेलो. चाचांनी अट वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"साहेब, माझा हात पीटवर बसलाय. कोकोपीट मी करीन, नाय म्हणत नाय. पण एक हंगाम थोडे ट्रे करून बघू दे. एकदम सगळे नको."

"चाचा, तुम्ही कोकणातले! नारळाच्या मुलखातले! तुम्हाला भुशाची कसली भीती?"

आज हे वाक्य आठवलं की कान गरम होतात. माझं बालपण डोंबिवलीत गेलं, नारळ मी वाण्याकडे पाहिला, आणि मी खाडीकाठच्या माणसाला नारळ शिकवत होतो.

भुसाही मीच शोधून दिला होता. एका व्यापाऱ्याकडे तो स्वस्तात मिळत होता आणि सोबत 'धुतलेला' असं प्रमाणपत्रही होतं. चाचांनी नमुन्याची पिशवी उघडली, मूठभर भुसा पेल्यात भिजवला, पिळला, आणि ते पाणी बोटाने जिभेला लावलं.

"खारं हाय," ते म्हणाले. "आमच्याकडे नारळाची सोडणं खाडीत पुरून कुजवतात, मग काथ्या काढतात. मीठ आत जातं. माझी आय काथ्या वळायची, तिचे हात बघितलेत मी. हा भुसा नीट धुतलेला नाय."

"पण प्रमाणपत्र आहे ना चाचा. लॅबचं."

त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. "तुम्ही बघा चाखून."

मी चाखलं नाही. मॅनेजरच्या खालोखाल हुद्द्यावर असलेला माणूस भुशाचं पाणी चाखत नाही, असं काहीतरी माझ्या मनात होतं. "यल्ला, चला चाचा, उशीर होतोय," म्हणालो आणि गाडीच्या एसीत जाऊन बसलो.

तीन आठवड्यांनी चाचांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. "साहेब, एकदा येऊन जावा."

मोठ्या शेडमध्ये रोपांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. ट्रेमागून ट्रे, सगळीकडे तपकिरी कडा. आमच्या तपासणीच्या फॉर्मात एक रकाना आहे, 'पानांच्या कडा करपलेल्या: नाकारावे'. तो रकाना मीच बनवलेला. म्हणजे माझ्याच अटीमुळे, मीच दिलेल्या भुशात जळलेली रोपं माझ्याच फॉर्मावर, माझ्याच सहीने नाकारायची होती. दोन्ही कामगार लांब उभे राहून माझ्याकडे बघत होते, कारण त्यांचं पुढचं वर्ष त्या सहीत होतं.

"उरलेला भुसा धुऊन पुन्हा पेरलं तर?" मी विचारलं.

"धुवायला भरपूर गोडं पाणी लागतं, साहेब. इथे येतं ते रोपांपुरतं. टँकर मागवू तेवढी ऐपत नाय."

इथे माझ्या डोक्यात एक कल्पना आली. एसीतून ठिबकणारं पाणी! त्यात मीठ नसतं. मी आमच्या मजल्यावरच्या सहा घरांत तेलाचे रिकामे डबे वाटले. शेजारची केरळी बाई मला वेडा समजली, पण डबा भरून द्यायची. शनिवारी मी डिकीत डबे भरून, ते हिंदकळू नयेत म्हणून चाळीसच्या वर फारसा वेग न घेता निघालो. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून माझा उद्धार केला.

"चाळीस दिरहमचं पेट्रोल, म्हणजे जवळजवळ हजार रुपये," बायको म्हणाली. "आणि पाणी किती? दोन बादल्या?"

"अँड द कार्बन, बाबा," मुलगी म्हणाली.

त्या दोन बादल्यांत एक टोपलीभर भुसा धुऊन झाला. चाचांनी पाणी चाखलं आणि अजून खारं असल्याचं सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना दया आली असावी. ते मला मागच्या छोट्या शेडमध्ये घेऊन गेले.

तिथे ट्रे मांडलेले होते. हिरवीगार, टवटवीत रोपं, एकाचीही कड करपलेली नाही.

"हे पीटमधले," ते म्हणाले. "तुम्ही गेलात त्याच दिवशी पेरले. मोठ्या शेडमध्ये तुमचा हुकूम, इथे माझा अंदाज. सगळी ऑर्डर नाय भरणार, पण बरीचशी भरंल. तुम्ही कागदावर कोकोपीट लिहा, खलास. मातीत गेल्यावर कोण ओळखतंय?"

हा माणूस स्वतःचा धंदा वाचवत होता, आणि जाता जाता माझी अब्रूही वाचवत होता. मी फक्त खोटं लिहायचं होतं. मंगळवारी माझं प्रेझेंटेशन होतं, पहिल्याच स्लाइडवर 'शंभर टक्के पीटमुक्त' असं हिरव्या अक्षरांत लिहून मी तयार होतो.

त्या संध्याकाळी मी मुलीकडून तो व्हिडिओ मागून घेतला आणि राहिलेला अर्धा भाग पाहिला. तो म्हातारा दलदलीच्या कडेला राहणारा होता. त्याचा बाप आणि आजा तिथेच पीट खणत. तो म्हणत होता की दलदल राहायला हवी हे त्यालाही पटतं. पण आधी दुसरं काम शिकवा, हात बसू द्या, मग फावडं काढून घ्या. चाचा जे म्हणाले होते तेच तो दुसऱ्या भाषेत सांगत होता. दोघांचंही मी ऐकून घेतलं नव्हतं, एकदा आमटीपायी आणि एकदा एसीपायी.

मंगळवारी मी खरं सांगितलं. सद्सद्विवेकबुद्धी वगैरे जागी झाली असं लिहायला मला आवडेल, पण कुणी ट्रे तपासला तर काय, ही धास्तीही त्यात होती. मी म्हणालो, अट मी घाईने घातली, भुसा मी निवडला, रोपं त्यामुळे जळली, आणि जी चांगली आहेत ती पीटमधली आहेत. चूक माझी, नर्सरीवाल्याची नाही.

मग मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या. असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे, म्हणाले. स्लाइडवरचा शब्द बदलून 'पीटचा वापर कमी' असा केला. रोपं यंदापुरती घ्यायची ठरली, कारण ताटवे रिकामे ठेवून चालणार नव्हतं. मी मनात सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात ते म्हणाले, "अँड दॅट नर्सरी, रिमूव्ह फ्रॉम द लिस्ट. कंडिशन मोडली त्याने."

"पण चूक माझी आहे, सर."

"हबीबी, तुझी चूक शिकण्यासाठी होती. त्याने अट मोडली. अट कुणी लिहिली?"

महिन्याभराने मला पारदर्शकतेबद्दल प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव चुकीचं छापलं होतं, हीच त्यातली एक बरी गोष्ट. ते मी टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. चाचांनी एका कामगाराला फुजैराच्या दुसऱ्या नर्सरीत पाठवून दिलं. जाताना तो मला सलाम करून गेला. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चाचांना यादीतून नाव गेल्याचं सांगायला मी स्वतः गेलो होतो. ते रोपांना पाणी घालत होते, घालत राहिले. पूर्ण ट्रे भिजल्यावर त्यांनी झारी खाली ठेवली.

"परत यादीत यायला काय लागतं?"

"पीटशिवाय वाढवलेली रोपं नमुना म्हणून द्यायची. पुढच्या हंगामाआधी."

"मग पाणी आणा," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. मी घाम पुसल्यासारखं केलं, उन्हाळा होता म्हणून खपून गेलं.

आता पुन्हा ऑगस्ट आला आहे. मी दर शनिवारी जातो. आता डबे बाराच्या वर झालेत, आणि मुलीच्या टोमण्यांना कंटाळून मी शारजात कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या व्हॅनमधून अर्धी वाट जातो. चाचांची एक अट आहे. भुसा पिळल्यावर पाणी आधी मी चाखायचं, मग ते. पहिल्या काही वेळा मी लगेच "गोडं आहे" म्हणायचो, कारण मला ते गोडं असायला हवं होतं. ते चाखायचे, थुंकायचे आणि ओतून द्यायचे.

परवाच्या शनिवारी पेरणीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी पेरलं नाही तर नमुने वेळेत तयार होणार नव्हते. डबे संपले होते, उरलेला कामगार ट्रे घेऊन तयार उभा होता, आणि चाचांनी पेला माझ्यापुढे धरला. मी चाखलं. फार नाही, जिभेच्या टोकाला किंचित, डाळीत मीठ जरा जास्त पडल्यावर लागतं तेवढं. गोडं म्हणालो असतो तर चाललं असतं, असंही वाटलं.

"खारं आहे चाचा," मी म्हणालो.

त्यांनी चाखलं. माझ्याकडे बघितलं. "हां. खारं हाय," म्हणाले, आणि कामगाराला ट्रे परत ठेवायला सांगितले.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी नमुन्यांची तारीख दोन आठवडे पुढे ढकलण्याचा फॉर्म भरला. त्यात कारणाचा रकाना असतो आणि त्याखाली पुराव्याचा. कारणापुढे मी लिहिलं, भुसा अजून खारा आहे. पुराव्यापुढे लिहिलं, मी स्वतः चाखला. आणि सही केली.