डावीकडचं अर्धं बोट

“माझ्या रेघेला नावं ठेवायची नाहीत. अडतीस वर्षं रेघा मारून घर चालवलंय मी!”

“आणि मी काय इतकी वर्षं माशा मारत होते? चौथ्यांदा उसवतेय ही ओळ!”

“आई, बाबा, जरा हळू,” स्वयंपाकघरातून सून म्हणाली. “समोरच्यांनी ऐकायला खिडकी उघडलीय.”

बाबांनी पेपर तोंडापुढे धरला आणि भांडण तेवढ्यावर थांबलं. आईंचं, म्हणजे शिवणकाकूंचं, शिवण मात्र थांबलं नाही. गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं ते उगीच नव्हे. हातात घेतलेलं काम अर्धं सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

गोधडी नातीच्या, चिमणीच्या, नव्या पलंगासाठी होती. चिमणीला सूर्य हवा होता, टोकदार किरणांचा. असलं काम कागदावरच करावं लागतं. कागदावर आखायचं, खाली कापड धरायचं, रेघेवरून कागदासकट शिवायचं आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. बाबा कारखान्यात नकाशे काढायचे. निवृत्तीनंतर आखणी त्यांची आणि शिलाई काकूंची, अशी घरातली वाटणी ठरून गेली होती.

एकेक चौकोन वेगळा पाहिला तर देखणा दिसे. सहा एका ओळीत जोडले, की ओळ केळ्यासारखी वाके. काकूंनी सुई बदलली, मशीनची टीप सैल केली, इस्त्रीची वाफ बंद केली. कापड ताणलं जातंय म्हणून नवं, उभ्या धाग्यावर कापलं. पुन्हा केळं ते केळंच. मनातल्या मनात त्यांनी स्वतःच्या साठीलाही दोन शिव्या घातल्या.

चौकोन उजव्या बाजूने वर अरुंद होत होता. पण कापड असतं कागदाखाली. म्हणजे कापडावरची उजवी बाजू ही कागदाची डावी. त्या उठल्या, आखलेले उरलेले सहा कागद एकावर एक ठेवून त्यांनी खिडकीच्या काचेवर धरले. उजव्या कडा रेघेवर रेघ बसल्या. डावी कड मात्र सगळ्या कागदांवर आत कलली होती, वर पोचेपर्यंत चांगलं अर्धं बोट.

कपाटातून त्यांनी गेल्या वर्षीचे आखून उरलेले कागद काढून पाहिले. त्यांच्या डाव्या-उजव्या कडांत केसाचाही फरक नव्हता.

“आता या इकडे, बघा स्वतःची रेघ!” हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. आलं तसं त्यांनी ते गिळलं.

एखादा कागद चुकला असता तर घाई म्हणता आली असती. सहाच्या सहा, तेही एकाच बाजूला? मग एकेक आठवू लागलं. हल्ली ताटात डावीकडची भाजी तशीच राहते. डाव्या गालावर दाढीचे खुंट राहतात. आणि मागच्या आठवड्यात गाडीचा डावा आरसा लोंबत होता, तेव्हा “कोणीतरी घासून गेलं,” असं बाबाच म्हणाले होते. त्याच गाडीत रोज चिमणी बसते.

“अहो, कात्री द्या हो,” त्या शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाल्या.

बाबांनी पेपर खाली ठेवला आणि टेबल चाचपलं. उजवीकडचा डबा उचलून पाहिला, चष्म्याचं घर सरकवलं. “इथे नाहीये कात्री. तूच कुठेतरी ठेवलीस, आणि आता माझ्यावर ओरडशील.”

कात्री त्यांच्या डाव्या कोपराला टेकलेली होती.

दारात आलेल्या सुनेने ती पाहिली. तिने सासूकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. काकूंनी मानेनेच नको म्हटलं.

“पावणेचार झाले,” बाबा उठले. “चिमणीची शाळा सुटेल. किल्ली कुठंय?”

खुंटीवर किल्ली नव्हती. ती काकूंनी मघाशीच काढून मुठीत धरली होती.

“किल्ली माझ्याकडे आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये. आजपासून गाडी तुम्ही चालवायची नाही. चिमणीला मी चालत जाऊन आणते. उद्या सकाळी आपण डॉक्टरांकडे जायचं, आणि सूनबाई, तू रजा टाक.”