आईच्या आवाजासाठी सोलापूर

स्वारगेटला सोलापूरची एसटी धरताना बाबांचा फोन आला, अचानक तिकडं काय काढलंस? शेंगाचटणी आणायला चाललेय म्हटलं. खरं सांगायला जीभ रेटली नाही. मला आईचा आवाज हवा होता.

आई सोलापूरच्या रेडिओ केंद्रावर उद्घोषिका होती. ती गेल्यावर घरी तिचे फोटो ढीगभर उरले, आवाज मात्र कुठंच नाही. तिची ड्यूटी असली की बाबा रेडिओला चिकटून बसत. घसा बसल्यासारखा वाटला, तर ती घरी पोचायच्या आत मिठाचं पाणी गॅसवर चढलेलं असे.

जाणाऱ्यांनी डावीकडची खिडकी धरावी. ऊन लागतं, पण भिगवणपासून उजनीचं पाणी दिसतं. सोलापुरात स्टँडजवळच्या खानावळीत कडक भाकरी नि चटणी खाल्ली, दही मागून घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल. मग आईचे जुने सहकारी शिंदेकाका यांच्याकडे गेले. त्यांनी ते दिवस उभे केले: पोत्यानं येणारी फर्माईशीची पत्रं, आणि पूर्व भागात मागांच्या खडखडाटातही मोठ्यानं लावलेले रेडिओ. विणकर घरात तेलुगू बोलत, पण मराठी फर्माईश चुकवत नसत. आईचं काही सापडेल का, विचारलं. फर्माईश थेट जायची, रेकॉर्ड कोण करणार, म्हणाले. मला इतकं रडू आलं की चहा तसाच राहिला.

परतताना मोहोळला उतरले. याच ब्लॉगच्या एका वाचक मुलीनं कळवलं होतं, की तिचे तात्या पूर्वी रेडिओवरची गाणी कॅसेटमध्ये भरून द्यायचे. तात्यांनी खोकं पुढं ठेवलं. आम्ही दुपारभर ऐकत बसलो. सगळी गाणीच. मध्ये कुठं आईचा "ऐकू या" एवढाच तुकडा, की खट्.

तात्या ओशाळले. "बोलणं आलं की मी बटण दाबायचो. गिऱ्हाइकाला गाणं पायजे असायचं की."

मी पिशवी उचलली, तशा आतून काकू बोलल्या, "आवो, आपल्या नावाची हाय न्हवं?"

तात्या चक्क लाजले. लग्नानंतर त्यांनी बायकोसाठी फर्माईश पाठवली होती. गाणं राहू दे, रेडिओत स्वतःचं नाव आलं की लोक ते जपून ठेवत. ती कॅसेट ट्रंकेत साड्यांखाली निघाली. काकूंनी पंखा बंद केला, पूर्वी कॅसेट भरताना करत तसा, आणि मी मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करून तो टेपच्या स्पीकरला लावला.

"मोहोळहून तानाजी आणि सुमन..." माझी आई. काकूंचं नाव घेताना जरा हसलेली. घसा बसलेला.

रात्री पुण्यात चटणीची पुडी बाबांच्या हातात दिली आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग उठून आत गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले. गॅसवर पाणी ठेवून ते मिठाची बरणी शोधत होते. मी वरच्या फळीवरून काढून दिली.