चोथ्यातलं पुण्य

धाकट्या लाटेगान मालकाला द्राक्षाच्या चोथ्यात पुण्य सापडलं, त्या वर्षी हेस्टर अरेंडसे चव्वेचाळीस वर्षांची होती आणि त्याच्या ब्लाऊक्लोफच्या द्राक्षमळ्यावर आरोग्यसेविका होती. म्हणजे तिच्याकडे एक निळी पिशवी होती, रक्तदाब मोजायचं यंत्र होतं आणि कुणाची भीडभाड न ठेवणारं तोंड होतं. पहिल्या दोन वस्तू दवाखान्याने दिलेल्या.

ती जन्मली ती मळ्यावरच, कामगारांच्या चाळवजा घरांत. तेव्हा थोरल्या मालकांचं राज्य होतं आणि बागेत दिवसातून पाचदा घंटा व्हायची. घंटा झाली की कात्र्या खाली, माणसं रांगेत, आणि प्रत्येकाच्या पत्र्याच्या मगात वाईन. मजुरीतच धरलेली. थोरले मालक मोठे देवभीरू, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे आणि सोमवारी पहिल्या घंटेला स्वतः पिंपाजवळ उभे राहायचे. लेकीच्या, रोनेलच्या वेळी हेस्टरला दिवस गेले तेव्हा ती छाटणीवर होती. नऊच्या नऊ महिने तिने पाचही मग घेतले. नको म्हणणारं कुणी नव्हतंच. उलट मुकादम म्हणायचा, "दोन जिवांची आहेस गं, नीट भरून घे."

रोनेल झाली ती मुठीएवढी. डोळे बारीक, वरचा ओठ रेघेसारखा. पहिलीतच तीन वर्षं काढली. शेवटी शाळेत आलेल्या एका नर्सने हेस्टरला बाजूला घेऊन विचारलं, "पोटुशी असताना प्यायचीस का?"

"सगळेच पितात," हेस्टर म्हणाली.

नर्सने मग जे सांगितलं ते ऐकून हेस्टर घरी आली आणि घरात होती नव्हती ती सगळी वाईन बटाट्याच्या वाफ्यात ओतली. बटाट्यांना काही झालं नाही. नवरा मात्र आठवडाभर बोलला नाही, आणि त्या आठवड्यात तिला फार बरं वाटलं. पुढे तो मेला, दारूनेच. रोनेल आता तेवीस वर्षांची होती. घड्याळ तिला अजून कळत नव्हतं, सुटे पैसे मोजता येत नव्हते, पण मळ्यावरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव, वय आणि आजार तिला तोंडपाठ. कुणी रागावलं की ती गोंधळून हसायची आणि मग जास्तच बोलणी खायची.

तर चोथा. वाईन गाळून उरलेला चोथा पूर्वी खतात जायचा. धाकट्या मालकाला, ज्याला सगळे मेनेर, म्हणजे साहेब, म्हणत, कुठेतरी कळलं की द्राक्षाच्या बियांत अँटिऑक्सिडंट असतात. त्याने डॉक्टर स्ताडेन नावाचा माणूस शोधून काढला. डॉक्टर खरा, पण माणसांचा नव्हे, रसायनांचा. दोघांनी मिळून बियांच्या जांभळ्या गोळ्या केल्या, पाकिटावर हसरी गरोदर बाई छापली आणि नाव दिलं 'आईची ढाल'. पोटातल्या बाळाचं दारूपासून रक्षण! बापाने पिंप ठेवलं, लेकाने ढाल आणली. घराण्याने काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही.

पिंपांच्या कोठारात सगळ्या बायकांना बोलावलं. डॉक्टरने पडद्यावर उंदरांची चित्रं दाखवली.

"दारूमुळे बाळाच्या पेशींवर एक प्रकारचा गंज चढतो, असं समजा," तो म्हणाला. "हे पदार्थ तो गंज रोखतात. गाभण उंदरिणींना दारूबरोबर असे पदार्थ दिले, तेव्हा काही पिल्लांच्या मेंदूचं नुकसान कमी झालं."

हेस्टरने हात वर केला. "काही पिल्लांचं?"

"हो, काही."

"कमी झालं, का झालंच नाही?"

"कमी."

"आणि बाईमाणसांचं?"

"तो अभ्यास अजून व्हायचाय."

"बरं. आणि उंदरिणीला दारूच दिली नाही तर?"

डॉक्टर प्रामाणिक होता, बिचारा. "तर मग प्रश्नच नाही," तो म्हणाला, आणि मागच्या बायका खो खो हसल्या.

"हेस्टर," मेनेर गोड आवाजात म्हणाला, "तू फार सरळ विचार करतेस. माणसं पिणारच. वास्तव स्वीकारायला नको का?"

वास्तव पाच लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळायचं, मेनेरच्याच दुकानात.

गोळ्या वाटायचं काम हेस्टरकडे आलं. तिने खोकं नेऊन पलंगाखाली ढकललं आणि विषय संपला असं धरून चालली. पण मेनेरही काही दूधखुळा नव्हता. महिन्याभरात दुकानात वाईनच्या प्रत्येक पिशवीमागे गोळ्यांची एक पट्टी फुकट मिळू लागली.

हे तिला कळलं ते शेजारच्या शिरलीनमुळे. शिरलीन एकोणीस वर्षांची, पाचवा महिना, पोराचा बाप शहरात परागंदा. हेस्टरने बाबापुता करून तिला वाईनपासून लांब ठेवलं होतं. एका शनिवारी दुपारी पाहते तर पोरगी पायरीवर बसलेली, हातात मग.

"अगं शिरलीन!"

"मावशी, ओरडू नका. आधी गोळी घेतलीय मी." शिरलीनने जांभळी पट्टी दाखवली. "दोन घेतल्या."

"दोन कशाला?"

"दोन मग झाले ना."

हेस्टर तिच्याशेजारी मटकन बसली. शिव्या तोंडावर आल्या होत्या, पण देणार कुणाला? तेवीस वर्षांपूर्वी कुणी अशी गोळी दिली असती तर तिने स्वतः दहा गिळल्या असत्या, वर देणाऱ्याचे पाय धरले असते आणि सहावा मग मागितला असता. तिने शिरलीनच्या हातातला मग काढून घेतला, एवढंच. पोरगी रडायला लागली. "मग पाकिटावर लिहिलंय ते खोटंय का हो?"

"खोटं नाही गं. उंदरांचं आहे."

ऑक्टोबरात मेनेरने गोळ्यांचा मोठा सोहळा ठेवला. हिरवळीवर तंबू, शहरातले पाहुणे, दोन वार्ताहर, चर्चचा गायकवृंद. हेस्टरला चार ओळी लिहून दिल्या होत्या: आमच्या भगिनींना आशेचा किरण वगैरे. पहिल्या रांगेत मेनेरची सून अनेलिया बसली होती, सहाव्या महिन्याची, हातात सफरचंदाचा रस.

हेस्टरचं नाव पुकारलं. तिने कागद घडी करून पिशवीत टाकला, पाहुण्यांच्या टेबलावरचा काठोकाठ भरलेला लाल वाईनचा ग्लास उचलला, दुसऱ्या हातात गोळ्यांची पट्टी घेतली आणि थेट सुनेपुढे जाऊन उभी राहिली.

"बाईसाहेब, आधी गोळी. मग हा ग्लास."

अनेलियाचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप पोटावर गेला.

"हेस्टर!" मेनेर खुर्चीवरून ओरडला. "वेड लागलं का तुला? ती गरोदर आहे!"

"दिसतंय ना मला, मेनेर. म्हणून तर गोळी आणली."

गायकवृंदातली एक जाडी बाई फिस्सकन हसली. वार्ताहरांची पेनं हलायला लागली. डॉक्टर स्ताडेन तंबूच्या खांबाचं बारकाईने निरीक्षण करू लागला.

"मी नाही घेणार," अनेलिया हळूच म्हणाली.

"शहाणी आहेस, पोरी," हेस्टर म्हणाली आणि ग्लास मेनेरच्या पुढ्यात ठेवून घरी चालू लागली. फाटकापर्यंत ती ताठ होती. फाटकाबाहेर पहिला दगड दिसला त्यावर ती बसली. डॉक्टर मागून धावत आला.

"उंदरांचं मात्र खरं आहे हं, बाई," तो धापा टाकत म्हणाला.

"असेल की. उंदरांचं भलं होवो."

मेनेरने दुसऱ्या दिवशी तिला कचेरीत बोलावून माफी मागायला सांगितलं. नोकरी दवाखान्याची, ती त्याला काढता येत नव्हती. पण घर मळ्याचं होतं, ते त्याने दोनदा बोलून दाखवलं. हेस्टरने अनेलियाची माफी मागितली, तीही बंगल्याच्या मागच्या दारी जाऊन. "तुला चारचौघांत पुढे केलं, ते चुकलंच माझं." मेनेरची नाही मागितली. घर राहिलं. वार्ताहर फाटकापाशी असताना कुणाला घराबाहेर काढणं बरं दिसत नाही, हे मेनेरला कुणी तरी समजावलं असावं. सुनेनेच, असं मळ्यावर म्हणतात.

गोळ्याही वाया गेल्या नाहीत. पाकिटावरची गरोदर बाई गेली, तिथे सुरकुत्या नसलेली बाई आली, नाव झालं 'चिरतारुण्य', आणि परदेशी पर्यटक तीच जांभळी गोळी तिप्पट भावाने नेऊ लागले. दुकानातल्या पिशव्या होत्या तिथेच राहिल्या.

शिरलीन त्यानंतर रोज संध्याकाळी हेस्टरकडे जेवायला येऊ लागली. रोनेल तिला कुत्र्यांच्या गोष्टी सांगायची, हेस्टर मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून द्यायची. दोन शनिवार तरी शिरलीन प्यायला निसटली. हेस्टरने ते दवाखान्याच्या वहीत लिहिलं नाही, पण विसरलीही नाही. खुडणी जोरात असताना शिरलीनला मुलगी झाली. हेस्टरने बाळाला झोळीच्या काट्याला लावलं, डोक्याभोवती फीत फिरवली, वरच्या ओठाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मावशी, ठीक आहे ना ती?"

"वजन बरं आहे. बाकीचं शाळेत गेल्यावर कळेल." तिने बाळ आईच्या कुशीत दिलं. "तोवर दूध पाज. अशी नव्हे गं, डोकं धर आधी."