सड्याखालची विहीर

मी मुळातच भित्री. लहानपणी पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना मागून कुणी येतंय असं वाटून धावत सुटायचे, आणि धापा टाकत घरी पोचले की सगळे हसायचे. त्यामुळे रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, हॉस्पिटल झालं आणि तिथल्या सांडपाण्याच्या टाक्या माझ्या हवाली झाल्या, तेव्हा वहिनी म्हणाली की आता तिथला एक जंतू सुटून जायचा नाही, ही झोपेतसुद्धा झाकणं तपासेल. तिने चेष्टाच केली होती, पण ते खरं होतं.

रसायनशास्त्रात बीएस्सी करून मी तिथे लॅबमध्ये लागले होते. टाक्यांवर कुणी टिकेना, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. हॉस्पिटलचं पाणी म्हणजे घरच्या मोरीचं पाणी नव्हे. त्यात रक्त असतं, लॅबमधली रसायनं असतात, पेशंटच्या अंगातून उतरलेली औषधं असतात, आणि त्या औषधांना पुरून उरलेले जंतूही असतात. ते आधी जाळीतून गाळायचं, मग मोठ्या टाकीत सतत हवा सोडत ठेवायचं. त्या टाकीत आपले पाळलेले जंतू असतात. ते घाण खातात, वाढतात आणि गाळ होऊन तळाला बसतात. वरचं निवळ पाणी क्लोरीन देऊन, वाळूतून आणि कोळशातून गाळून पुढे सोडायचं. टाकीची तब्येत बरी असली की पाणी तपकिरी दिसतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की देठावर डोलणारे, घंटेच्या आकाराचे जीव दिसतात. मी रोज सकाळी आधी त्यांना बघून यायचे आणि मगच चहा घ्यायचे.

खरी भीती होती ती पुढच्या पाण्याची. शुद्ध केलेलं पाणी हॉस्पिटलच्या आंब्याच्या कलमांना जायचं. आमचा सडा जांभ्याचा, नुसता भोकाभोकांचा दगड. वर ओतलेलं पाणी कुठून कसं खाली उतरेल याचा नेम नाही. आणि खाली, उताराच्या पायथ्याशी, आमची बौद्धवाडी आणि वाडीची विहीर. कलमांना पाणी सुरू झालं त्या वर्षी, मे महिन्यात जिचा तळ दिसायचा त्या विहिरीत कमरेएवढं पाणी राहिलं. वाडी खूश झाली. बाबा जो भेटेल त्याला सांगत सुटले की गाळ उपसला त्याचा हा गुण.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, मला वाटतं हे वरचं पाणी आहे. मॅनेजरच्या मागे लागून मी विहिरीचं पाणी तपासूनही घेतलं होतं आणि ते पिण्यालायक निघालं होतं, तेही सांगितलं.

"तू साफ करतेस ना?" बाबा म्हणाले. "मंग झाला."

त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझी झोप मात्र त्या दिवशी उडाली ती उडालीच.

ती विहीर बाबांच्या वडिलांनी आणि वाडीतल्या माणसांनी कातळ फोडून खणली. त्याआधी पलीकडच्या उतारावरच्या शेतकऱ्यांच्या वाडीत आमच्या बायका हंडे घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. कुणाला सवड झाली आणि मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. आमच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा आजोबांनी म्हणे सगळ्यांना बजावलं, आता पाण्यासाठी कुणाला विचारायचं नाही. तेव्हापासून सकाळचा पहिला पोहरा आमच्या घरातला माणूस काढतो. आजोबांनंतर ते काम बाबांकडे आलं. पोस्टात नोकरी करतानाही त्यांनी ते कधी चुकवलं नाही.

बुद्धपौर्णिमेला वाडीत खीर होते. तांदूळ, नारळाचं दूध, गूळ, आणि पाणी याच विहिरीचं. मुंबईची माणसं त्यासाठी रजा काढून येतात. यंदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच हॉस्पिटलची तपासणी होती. मी सकाळी टाकीवर गेले आणि झाकण उघडताच माझ्या नाकात फिनेलचा भपकारा गेला. पाणी पांढुरकं झालं होतं. काचेच्या नळकांड्यात भरून ठेवलं तर गाळ खाली बसेना. मी थेंब घेऊन लॅबमध्ये पळाले. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे जीव होते तिथे होते, पण एकही हलत नव्हता. मी दुसरा थेंब पाहिला, मग तिसरा. चौथा घेताना काचपट्टी हातातून सुटून फुटली.

साफसफाईची मावशी तेवढ्यात मागून आली. प्रेमळ बाई, मला कधी जेवल्याशिवाय सोडायची नाही. तपासणीला येणारी माणसं आधी वास घेतात, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून आदल्या संध्याकाळी तिने सगळ्या वॉर्डांच्या मोऱ्यांमध्ये हात सैल सोडून फिनेल आणि हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, ओतलं होतं. आणि माझ्यावरच्या मायेपोटी थेट टाकीतही.

"तुज्या टाकीतपन दोन कॅन ओतलेत गो बाय," ती कौतुकाने म्हणाली. "येक जंतू ऱ्हायला नसंल बग."

तिच्यावर ओरडणार तरी कशी? वॉर्डात जे औषध जंतू मारतं ते टाकीतही मारणारच, यात तिचं काय चुकलं? मी धावत कलमांकडे गेले. माळ्याने नेहमीप्रमाणे उजाडताच पंप लावला होता. आळी तुडुंब भरून जिरूनही गेली होती, आणि ओल्या जांभ्यावर पांढरी साय धरली होती. न खाल्लेली घाण, न मेलेले हट्टी जंतू, औषधं, सगळं त्या पाण्याबरोबर खाली चाललं होतं. गाळणीतला कोळसाही जुना झालेला, बदला म्हणून मी कधीपासून सांगत होते. मी पंप बंद केला आणि त्या ओलीकडे बघत तिथेच खाली बसले.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. डायलिसिस थांबवता येत नाही, पाणी येतच राहणार, टाकी भरली की काय करायचं, हे त्याचे प्रश्न खोटे नव्हते. मी कलमांचा पंप लावू देणार नाही म्हणून हटून बसले, तेव्हा त्याने टँकर मागवून पाणी दुसरीकडच्या मोठ्या सांडपाणी केंद्रात पाठवायचं कबूल केलं. विहिरीचं पाणी तपासायलाही माणूस पाठवला. पण अहवाल येईपर्यंत वाडीत काही बोलू नका, म्हणाला, उगाच लोक बिथरतील. अहवाल यायला काही दिवस लागणार होते. खीर दुसऱ्या दिवशी होती.

संध्याकाळी मी पाखाडी उतरले. नोकरी जाईल याची भीती होती. वाडी वर चाल करून जाईल आणि मावशीला धरेल याची होती. पण सगळ्यात जास्त भीती बाबांच्या चेहऱ्याची वाटत होती. त्या विहिरीवर पाणी भरू नका असं आम्हाला कुणी कधी म्हणू शकलं नव्हतं. ते म्हणणारी पहिली मी असणार होते.

विहिरीवर गडबड चालली होती. बाबा रहाटावर होते, वहिनी हंडे ओळीने लावत होती, खिरीचं मोठं टोप घासून पालथं घातलं होतं. मी बाबांना कठड्यापलीकडे नेलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं.

"नक्की उतरलाय काय पानी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही, बाबा. पण उतरलं नसेल असं मला सांगता येत नाही."

ते परत रहाटाकडे गेले आणि दोराची गाठ सोडायला लागले. गाठ जुनी, घट्ट बसलेली. दातांनी ओढून त्यांनी ती सोडवली आणि दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. भरलेले हंडे ओता म्हणाले. एका काकूने तावातावाने विचारलं, कोण सांगतंय असं? बाबा म्हणाले, "माजी लेक सांगतेय." पुढे कुणी काही विचारलं नाही. हंडे ओतले गेले आणि बायका माझ्याकडे न बघता घरी गेल्या.

सकाळी बाबा पांढरा शर्ट घालून पलीकडच्या वाडीत गेले. मी मागोमाग. तिथल्या विहिरीच्या मालकाने काय झालं ते ऐकलं, तुम्ही विचारायला कशाला आलात म्हणाला, पंप लावून दिला आणि पाइप धरायला स्वतः उभा राहिला. त्याच्या वागण्यात कुठे काही खोट नव्हती. पण हंडे भरेपर्यंत बाबा विहिरीपासून लांब, आंब्याखाली उभे होते. त्यांना तिथे कुणी उभं केलं नव्हतं. ते आपसूकच तिथे थांबले होते.

खीर झाली. बाबांनी सगळ्यांना वाढली आणि स्वतः दोन घास खाऊन द्रोण खाली ठेवला.

उरलेला गूळ मी वहिनीकडून मागून घेतला. मेलेली टाकी पुन्हा जिवंत करायची तर दुसऱ्या केंद्रातला जिवंत गाळ आणून सोडावा लागतो, आणि त्याला खायला शेणकाला आणि गुळाचं पाणी द्यावं लागतं. मावशी माझ्यासोबत बादलीत शेण कालवत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी भिंगाखाली एक जीव डोलताना दिसला. मी मावशीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, इवलासा तर हाय, आणि हात जोडले.

विहिरीचं पाणी चांगलं निघालं. पुन्हा तपासलं तेव्हाही चांगलं निघालं. गाळणीत नवा कोळसा आला. कलमांचं पाणी बंद झालं, ते आता हॉस्पिटलच्या संडासांना वापरतात. विहिरीने पुन्हा मे महिन्यात तळ दाखवला तर मला आनंदच होईल, म्हणजे वरचं पाणी उतरायचं थांबलं. पण पाण्याच्या त्या तपासणीत जंतू शोधतात, फिनेल शोधतात. औषधांचे अंश शोधत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी बाबांना तेही सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं कधीकधी वाटतं.

दोर पुन्हा रहाटावर चढला आहे. बाबा पहाटे उठतात, पोहरा घेतात आणि विहिरीकडे जायच्याऐवजी आधी माझ्या खोलीच्या दाराशी येतात. मी जागीच असते.

"बाय," ते विचारतात, "आज भरू?"

ज्या माणसाने त्या पौर्णिमेपर्यंत पाण्यासाठी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं, तो आता रोज मला विचारतो. मी "भरा" म्हणते, आणि रहाट करकरायला लागला की पांघरूण डोक्यावर ओढून घेते.