जुनं सामान ज्याचं त्याला

ती लाल इटालियन मोटार आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी खबऱ्याने बातमी आणली, की गावातल्या मोटार मिस्त्रीने एक विलायती गाडी विकायला काढली आहे आणि ती पाहायला मुंबईचं गिऱ्हाईक शेगाव स्टेशनात उतरलं आहे.

पाठोपाठ फिर्याद आली. फिर्यादी जवळच्या गावच्या मयत जमीनदाराचा पुतण्या. काकांनी गाडी दुरुस्तीला दिली, ते वारले आणि मिस्त्रीने ती गिळली, असं त्याचं म्हणणं. कागदावर नाव काकांचंच होतं. मी गाडी जप्त केली आणि भर बाजाराच्या दिवशी मिस्त्रीला बेड्या घालून ठाण्यात आणलं. अंगात वर्दीची मस्ती होती, कबूल करतो.

गाडी मात्र पाहत राहावी अशी. दोनच दारं, लांबलचक नाक. जमीनदाराच्या गोठ्यात जिच्यावर कोंबड्या बसायच्या, तिला या माणसाने चार वर्षं खपून उभं केलं होतं.

चौकशीत तो एकच सांगे. "साहेब, मालकाले अर्धांग झाला. मले म्हणे, मी काई आता हिच्यात बसत नाई, ही तूच ठेव. दसऱ्याले देली."

"कागद?"

"जबान देली, साहेब."

"साक्षीदार?"

"मालकीणबाई. पन त्या पुतण्याच्या आसऱ्यानं राह्यतात. काऊन बोलतीन?"

मी जमीनदाराच्या गावी गेलो. बाई दाराआड उभ्या, उत्तरं पुतण्याची. "काकूले काई माहीत नाई." निघताना उंबऱ्याशी दार अडवायला ठेवलेला लोखंडी तुकडा पायाला लागला. पाहतो तर झिजलेला पिस्टन.

"भंगार आहे, साहेब," पुतण्या म्हणाला.

आतून बाईंचा आवाज आला. "भंगार कसं? मिस्त्री काढलेलं जुनं सामान मालकाच्या हाती देते. पोतंभर आहे कोठीत."

पोतं ओतलं. सगळं इंजिनचं. ब्रेकचा, वायरिंगचा, सीटच्या स्प्रिंगांचा तुकडासुद्धा नाही, आणि गाडीत तर तेही सगळं नवं होतं. मग जुनं गेलं कुठे? मिस्त्रीच्या घराची झडती घेतली. माळ्यावर दुसरं पोतं मिळालं.

आता मी हट्टालाच पेटलो. गावातल्या त्याच्या सहा गिऱ्हाइकांचे जबाब घेतले. तेलघाणीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे एकच बोलले. "नट बदलला तरी जुना नट हातात ठेवते." म्हणजे अर्ध्या कामापर्यंत जुनं सामान जमीनदाराकडे गेलं, आणि त्यानंतरचं मिस्त्रीने स्वतःच्या घरी ठेवलं. मालक बदलला होता. चोर असला उपद्व्याप कशाला करेल?

पुतण्याला जबाबासाठी ठाण्यात बसवून मी दुसरं पोतं बाईंसमोर ठेवलं. त्यांनी त्यातली सीटची एक स्प्रिंग उचलून हातात घेतली.

"ह्याईनं माह्यासमोर मिस्त्रीले किल्ली देली. म्हणे, आता जुनं सामान इथं आणू नोको, तुह्या घरी ठेव."

"जबाब लिहून घेऊ? पुतण्या घराबाहेर काढेल."

"काढू द्या. लिवा."

मिस्त्री सुटला, गाडी त्याच्या ताब्यात गेली. मुंबईचं गिऱ्हाईक केव्हाच परतलं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मिस्त्रीसोबत त्याच रस्त्याने पायी चाललो. लोक पाहत होते.

कागद खोटं बोलत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. पण कागद अर्धवट बोलतो, आणि माणसाची सवय पुरतं बोलते, हे मी त्या दोन पोत्यांपुढे शिकलो.

पुढे ठाण्याची जीप त्याच्याकडेच दुरुस्तीला गेली. काम झाल्यावर तो आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला जीपच्या इंजिनचा तुटका पट्टा माझ्या टेबलावर ठेवला.

"तुमचं सामान, साहेब. ज्याचं त्याले."

मी मान खाली घातली. त्या बाजारात मी त्याची अब्रू काढून घेतली होती, आणि ती त्याच्या हातात परत ठेवता येईल असं कोणतंच पोतं माझ्याकडे नव्हतं.